जुन्या पुस्तकांतली मेंदी : छापले म्हणून खरे मानले गेलेले समज

निपाणीकर वाचक :

मेंदीविषयी जुन्या मराठी पुस्तकांत काय काय छापून गेले आहे ते एकत्र मांडावे आणि त्यातली प्रत्येक चूक मुळात कुठून आली असावी याचा शोध घ्यावा, या हेतूने हा धागा काढत आहे. निपाणीतल्या आमच्या घरी वडिलांनी जमवलेल्या पुस्तकांच्या पेट्या आहेत. त्यांत घरगुती औषधांची, गृहिणींसाठी सौंदर्यप्रसाधनाची, सणवारांची आणि झाडाझुडपांची ओळख करून देणारी बरीच पुस्तके आहेत. नागपंचमी जवळ आल्यामुळे मी त्यांतली मेंदीची पाने मुद्दाम शोधून वाचली. पुस्तकांची नावे घेण्याचे कारण नाही, कारण तीच विधाने एका पुस्तकातून दुसऱ्यात जशीच्या तशी, कधी कधी स्वल्पविरामासकट, उतरलेली दिसतात.

एका पुस्तकात म्हटले आहे की मेंदी मोगलांनी बाराव्या शतकात भारतात आणली. दुसऱ्यात काटे असलेली मेंदी नर आणि काटे नसलेली मादी, असा भेद केला असून रंगासाठी मादीचीच पाने घ्यावीत, असा सल्ला दिला आहे. तिसरे पुस्तक मेंदीचे मूळ तेलात उकळायला सांगते. त्याने तेल लालभडक होते आणि केस वाढतात, असे त्याचे म्हणणे आहे. देवीच्या साथीत रोग्याच्या तळपायांना मेंदीचा लेप द्यावा म्हणजे डोळे जात नाहीत, हे तर दोन निरनिराळ्या पुस्तकांत आढळले. सौंदर्यप्रसाधनाच्या पुस्तकात ‘काळी मेंदी’ हे एक वेगळेच झाड असल्याचे सांगितले आहे, आणि मेंदी लावलेल्या केसांचा रंग उतरवू गेल्यास पानातला हिरवेपणा पुन्हा वर येऊन केस हिरवे होतात, अशी तंबीही दिली आहे. एका पुस्तकाने तर मेंदी नसेल तर तेरड्याचा पाला वाटून नखांना लावावा, असे सुचवले आहे.

वाचताना मला फार गंमत वाटली, पण त्याचबरोबर एक प्रश्नही पडला. ही पुस्तके लिहिणारी माणसे खोटे सांगायला बसलेली नव्हती. त्यांनी कुठेतरी काहीतरी वाचले किंवा पाहिले असणारच. ते काय होते, हे जाणकारांनी सांगावे.

सह्यपर्ण :

मी बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे झाडाशी संबंधित मुद्द्यांपुरते लिहितो.

सर्वात मजेशीर गोष्ट नर-मादीची आहे, आणि तिची मुळे थेट लिनियसपर्यंत जातात. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली मेंदीच्या दोन जाती नोंदवल्या. एकीला त्याने बिनकाट्याची म्हणून ‘लॉसोनिया इनर्मिस’ म्हटले आणि दुसरीला काटेरी म्हणून ‘लॉसोनिया स्पिनोसा’. पुढे लक्षात आले की या दोन जाती नाहीतच. मेंदीचे झुडूप कोवळे असताना त्याला काटे नसतात. वय वाढले की आखूड बाजूच्या फांद्या कठीण होत जातात आणि त्यांची टोके काट्यांसारखी टोचू लागतात. ज्यांच्या कुंपणाला जुनी मेंदी आहे त्यांनी छाटणी करताना हा अनुभव नक्कीच घेतला असेल. शास्त्रीय नाव म्हणून बिनकाट्याचेच नाव कायम राहिले, त्यामुळे काट्यांनी भरलेल्या जुन्या झुडपालाही आज तेच नाव लावावे लागते. मराठी लेखकांपर्यंत या दोन जातींची बातमी पोहोचली तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या पद्धतीने त्यांना नर आणि मादी ठरवले असावे. वास्तविक मेंदीच्या प्रत्येक फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही, त्यामुळे नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे असा प्रकारच तिच्यात नाही. कोवळ्या झुडपाची पाने घ्यावीत, हा सल्ला मात्र पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही, कारण वाढत्या शेंड्यांकडची पाने चांगली रंगतात, असा मेंदी तोडणाऱ्यांचा अनुभव असतो.

लिनियसने मेंदीच्या वंशाला दिलेले ‘लॉसोनिया’ हे नाव आयझॅक लॉसन या स्कॉटिश डॉक्टरवरून आले आहे. लिनियसचा १७३५ सालचा पहिला मोठा ग्रंथ छापण्याचा खर्च ज्यांनी उचलला त्यांच्यात हा लॉसन होता. काही जुन्या इंग्रजी वनस्पतिकोशांनी मात्र हे श्रेय जॉन लॉसन या भलत्याच माणसाला दिले, जो अमेरिकेतल्या कॅरोलिना प्रांतात फिरून प्रवासवर्णन लिहीत होता आणि १७११ साली तिथेच मारला गेला. त्या बिचाऱ्याचा मेंदीशी काहीच संबंध नव्हता.

आता मुळाविषयी. मेंदीचे मूळ तेलात उकळून ते पुस्तक सांगते तसे लालभडक तेल मिळणार नाही. पण काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन रतनजोत मागा. दुकानदार जांभळट-तपकिरी, पापुद्रे सुटलेली मुळे देईल. ती मुळे पाण्यात टाकली तर फारसे काही होत नाही, पण कोमट खोबरेल तेलात टाकली की थोड्याच वेळात तेल माणकासारखे लाल होते. पुस्तकात वर्णन केलेली कृती तंतोतंत या मुळाची आहे. युरोपातही अगदी हाच घोटाळा झाला होता. रतनजोतीच्या जवळच्या नात्यातली, लाल मुळाची एक वनस्पती तिथे उगवते, आणि तिला अरबी लोक मेंदीला ज्या नावाने ओळखतात त्याच्यावरूनच नाव पडले. परिणामी जुन्या वनौषधिग्रंथांत एकीचे मूळ आणि दुसरीची पाने यांचा खिचडीपाक झाला, आणि तो अनुवादांमधून आपल्यापर्यंत आला असावा. योगायोग असा की रतनजोतीचे लाल द्रव्य आणि मेंदीचे रंगद्रव्य ही दोन्ही नॅफ्थोक्विनोन या एकाच रासायनिक घराण्यातली आहेत.

हा घोटाळा किती जुना असू शकतो याचे उदाहरण म्हणून प्लिनी या रोमन लेखकाचे सांगता येईल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने इजिप्तमधल्या मेंदीचे वर्णन करताना तिची पाने बोरीसारखी आणि बी धण्यासारखे असल्याचे लिहिले, इथपर्यंत ते पटण्यासारखे आहे. पुढे त्याने असेही नोंदवले की काहींच्या मते हे इटलीत कुंपणाला लावतात तेच प्रिव्हेट नावाचे झुडूप आहे. त्या एका वाक्यामुळे सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी वनौषधिग्रंथ मेंदीला प्रिव्हेटच्याच पंगतीला बसवत राहिले, आणि इंग्रजीत ‘इजिप्तचे प्रिव्हेट’ हे तिचे नाव आजही कोशांत सापडते. प्रिव्हेट हे जाई-मोगऱ्याच्या कुळातले आहे. मेंदी मात्र डाळिंब, ताम्हण आणि आपल्या खानापूरच्या डोंगरउतारांवर फुलणाऱ्या धायटीच्या कुळातली. पांढरट, सुवासिक फुलांचे घोस एवढ्याच साम्यावर दीड हजार वर्षे ही चूक चालली.

तेरड्याविषयी स्वतंत्रपणे लिहीन, कारण तिथे पुस्तकाची बाजू भक्कम आहे.

येळ्ळूरची सून :

तेरड्याची वाट पाहत आहे. माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, श्रावणात रानातला तेरडा दगडावर ठेचून आम्ही मुली नखांना बांधत असू, आणि मोठी माणसे तो पोरखेळ समजत.

सह्यपर्ण :

ताई, तो पोरखेळ नव्हता. मेंदीच्या पानात हातावर चढणारे जे द्रव्य आहे त्याला मेंदीच्याच शास्त्रीय नावावरून लॉसोन म्हणतात, आणि तेच द्रव्य तेरड्यातही असते. कोरियात तर तेरड्याची फुले आणि पाने तुरटीबरोबर ठेचून, रात्रभर नखांना बांधून नखे केशरी करण्याची जुनी रीत आहे. दोन वनस्पती नात्याने एकमेकींच्या जवळ नसल्या तरी एकच रंगद्रव्य दोघींनी बनवले आहे. ज्या पुस्तकाने मेंदीऐवजी तेरडा सुचवला त्याने, सगळ्या यादीत सर्वात अविश्वसनीय वाटणारे, पण खरे असलेले वाक्य लिहिले. गौरीच्या सणाला ज्यांच्या घरी तेरड्याची गौर बसते त्यांनी विसर्जनाच्या आधी थोडी पाने बाजूला काढून हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

मेंदीकोन शहापूर :

मी शहापुरात नवरीची मेंदी काढते. माझ्या आईने हे काम कोन येण्याच्या आधीपासून, म्हणजे काडीने आणि सुईने केलेले आहे. निपाणीच्या ताईंनी ज्या पुस्तकांचा उल्लेख केला त्यांतले सणवारांचे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, पण ‘मेंदी जितकी गडद तितके नवऱ्याचे प्रेम अधिक’ हे वाक्य मी लहानपणी पाठ्यपुस्तकाइतक्या गंभीरपणे छापलेले वाचले आहे. त्याच्याच शेजारी असेही होते की ज्याच्या अंगात उष्णता अधिक त्याची मेंदी काळी चढते.

या दुसऱ्या वाक्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. उष्ण प्रकृती आणि थंड प्रकृती असे काही मेंदीला कळत नाही. मात्र हात गरम असतील तर रंग चांगला चढतो, हे रोजच्या कामात स्पष्ट दिसते. डिसेंबरातल्या लग्नात, बेळगावच्या थंडीत, पहाटे मेंदी काढून घेणाऱ्या मुलीचे हात गार पडलेले असतात आणि तिचा रंग फिका राहतो. मे महिन्यातल्या नवरीला तोच कोन, तेवढाच वेळ ठेवून, गर्द रंगतो. लवंगांची धुरी देण्याची रीतही याच कारणाने उपयोगी पडते. तव्यावर दोन-चार लवंगा तडतडू द्यायच्या आणि त्यावर हात धरायचे. पुस्तके त्याचे श्रेय लवंगेला देतात, पण त्यात तव्याच्या उबेचा वाटा मोठा आहे. लिंबू आणि साखरेचे पाणी कापसाने टिपतात तेव्हा त्यातली साखर वाळलेली मेंदी हाताला चिकटवून ठेवते आणि तिचा ओलसरपणा टिकवते. लेप जितका वेळ ओला राहून त्वचेला लागून राहील तितका रंग आत जाईल, एवढाच त्याचा अर्थ आहे.

जुन्या बायका हे पुस्तकांपेक्षा नीट जाणत होत्या. नागपंचमीच्या आदल्या रात्री पाट्यावर वाटलेल्या ओल्या पाल्याचा लिंबाएवढा गोळा मुलीच्या तळहातावर ठेवायचा, मूठ मिटवायची, बोटांच्या टोकांना पाल्याच्या टोप्या घालायच्या आणि वरून एरंडाचे पान ठेवून धडप्याने घट्ट बांधून झोपवायचे. सकाळी मूठ सोडली की तळहाताच्या मधोमध गोल चंद्र आणि बोटांची लाल टोके उमटलेली असत, आणि चुण्या पडलेल्या जागी पांढऱ्या रेषा. मूठ बांधली की लेप रात्रभर गरम राहतो, ओला राहतो आणि हलत नाही. मेंदी रंगायला जे काही लागते ते सगळे त्या एका बांधलेल्या मुठीत आहे.

प्रेमाच्या बाबतीत एवढेच सांगते की फिकी मेंदी पाहून रडवेली झालेली नवरी मी प्रत्यक्ष पाहिली आहे, आणि मांडवात एखाद्या वडीलधाऱ्या बाईने त्यावरून सर्वांसमक्ष बोललेलेही ऐकले आहे. म्हणून मेंदी काढून झाल्यावर मी आवर्जून सांगते की सोलून काढलेल्या दिवशी ती केशरीच दिसणार, खरा रंग एक-दोन दिवसांनी येणार, आणि काही जणींच्या तळहाताची कातडी मुळातच पातळ असल्याने त्यांचा रंग फिका राहणार. त्याचा संबंध दुसऱ्या कशाशीही नाही.

सह्यपर्ण :

शहापूरच्या ताईंनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला शास्त्राचा आधार आहे. पानात लॉसोन मोकळे नसते; ते साखरेच्या रेणूला जोडलेल्या अवस्थेत असते. पान वाटले, पाणी आणि थोडी आंबटाई मिळाली की ते सुटे होते, आणि मग त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला कायमचे जोडले जाते. पुढे हवेतल्या ऑक्सिजनमुळे रंग एक-दोन दिवस गडद होत जातो. तळहात आणि तळपाय यांची बाहेरची मृत त्वचा सर्वात जाड असल्यामुळे तिथे रंग सर्वात गर्द येतो, आणि ती त्वचा झडत जाते तसा एक ते तीन आठवड्यांत उतरतो. मेंदी रक्तात उतरून रक्त शुद्ध करते असे जे छापले जाते, ते म्हणूनच टिकत नाही. तिचा बहुतेक रंग त्या मृत थरातच राहतो.

किल्ल्याचा बुरूज :

मोगलांच्या वाक्याविषयी लिहितो, कारण आपल्या भागातल्या वाचकांना त्यातली चूक अधिक सहज दिसायला हवी. बाबराने पानिपतची लढाई १५२६ साली जिंकली. त्यापूर्वी भारतात मोगल सत्ता नव्हती. म्हणजे बाराव्या शतकात मेंदी आणणारे मोगल, सत्ता स्थापन होण्याच्या सुमारे चारशे वर्षे आधी, मेंदी घेऊन आले असे मानावे लागेल. तरीही हे वाक्य जुन्या पुस्तकांतून नव्या पुस्तकांत, आणि तिथून आता लग्नपत्रिकांसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकांत जसेच्या तसे उतरत आहे.

आपल्या भागापुरते पाहिले तर मोगलांपर्यंत थांबण्याचे काही कारणच नाही. बेळगावचा किल्ला महमूद गावान या बहमनी वजिराने १४७० च्या दशकाच्या आरंभी बहमनी राज्याला जोडला, आणि हा गावान स्वतः इराणच्या गिलान प्रांतातून आलेला व्यापारी होता. बहमनी आणि त्यानंतर विजापूरच्या आदिलशाही काळात दाभोळसारख्या बंदरांतून इराण आणि अरबस्तानाशी माणसांची, घोड्यांची आणि मालाची ये-जा सतत चालू होती. मोगलांनी विजापूर जिंकले ते १६८६ साली. मेंदीच्या चालीरीतींवर पश्चिम आशियाची छाप पडली असेल तर ती इथे दिल्लीहून येण्याची गरज नव्हती. घाट उतरून समुद्रापर्यंत जाणारा रस्ता तिला अधिक जवळचा होता.

याच्या उलट टोकाचे विधानही पुस्तकांत असते, की अजिंठ्याच्या चित्रांत राणीला मेंदी लावताना दाखवले आहे. चित्रातल्या हाता-पायांचा लाल रंग पाहून तो मेंदीचाच आहे, असे ठरवता येत नाही. लाखेच्या किड्यापासून काढलेला अळता आपल्याकडे फार प्राचीन काळापासून हाता-पायांना लावला जात होता, आणि रंगवलेल्या भिंतीवर दोघांत फरक कळण्याचा मार्ग नाही. मेंदी परकी ठरवण्याची घाई आणि ती अतिप्राचीन ठरवण्याची घाई, या दोन्हींनी आपापले एकेक वाक्य पुस्तकांत घालून ठेवले आहे.

चिकोडीचे आजोबा :

सौंदर्यप्रसाधनाच्या पुस्तकातल्या हिरव्या केसांविषयी मला थोडी माहिती आहे, कारण माझा केशकर्तनालयाचा धंदा होता. पानातला हिरवा रंग केसांतून परत वर येतो, हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. पण केस हिरवे होणे, गरम होणे, तुटणे हे सगळे प्रत्यक्षात घडत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य बाजारात मेंदीच्या नावाने जी भुकटी मिळे, तिच्यात निरनिराळ्या छटा मिळाव्यात म्हणून शिसे, चांदी किंवा तांबे यांचे क्षार मिसळलेले असत. असे केस हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळायला गेले की धातूच्या क्षारांशी त्याची तीव्र क्रिया होते. दोष धातूंचा होता, पण बदनाम मेंदी झाली. इंग्रजी पुस्तकांनी ‘मेंदीवर ब्लीच नको’ असे लिहिले, आपल्याकडच्या अनुवादकांनी धातूंचा संदर्भ गाळून तेवढेच उचलले आणि कारण म्हणून पानाचा हिरवेपणा आपल्या पदरचा घातला. मेंदीबरोबर निळीची पाने वापरलेली असतील तर मात्र केस उजळताना हिरवट झाक येऊ शकते, हेही नोंदवून ठेवतो.

निळीवरूनच ‘काळ्या मेंदीच्या झाडा’चा उलगडा होतो. केस काळे करायचे असतील तर आधी मेंदी लावून, धुऊन, मग निळीच्या पानांची भुकटी लावतात. बाजारात त्या भुकटीला कोणीतरी काळी मेंदी म्हणाले आणि पुस्तकाने तिचे झाडच उभे केले.

त्वचारोग टिळकवाडी :

आजोबांचा मुद्दा पुढे नेणे मला आवश्यक वाटते. या धाग्यातल्या बाकीच्या चुका आता कुणाला इजा करीत नाहीत, पण काळ्या मेंदीची चूक आजही माझ्या दवाखान्यात येते. यात्रेत आणि लग्नसराईत जे झटपट काळे रंगणारे कोन मिळतात, त्यांत निळीची पाने नसतात. बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन असते. युरोपात केसांच्या रंगात, डोक्याला लावतानाच्या मिश्रणात, त्याचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक असू देत नाहीत आणि त्वचेवर नक्षी काढायला ते वापरण्यास परवानगीच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर साध्या मेंदीलाही केवळ केसांच्या रंगापुरतीच मान्यता दिलेली आहे.

त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी नक्षीच्या रेषांवरच खाज सुटते, मग त्या रेषा फुगतात, त्यांवर पाण्याचे फोड येतात आणि कधी कधी महिनोन्‌महिने फिकट वण राहतात. नवरीच्या हातावर मोराचा आकार फोडांनी रेखलेला दिसतो तेव्हा पाहणाऱ्यालाही वाईट वाटते. त्याहून गंभीर गोष्ट ही की शरीर एकदा या रसायनाला बिथरले की ते आयुष्यभर लक्षात ठेवते. पुढे केसांचा कलप, काही कापडांचे रंग, काही भूल देणारी मलमे यांनाही तसाच त्रास होऊ शकतो.

आणखी एक विनंती. बारशाला बाळाच्या तळहाताला मेंदीचा ठिपका लावण्याची हौस अनेक घरांत असते, आणि ‘मेंदी थंड व निरुपद्रवी असल्याने तान्ह्या मुलालाही लावावी’ असे पुस्तकांत छापलेलेही आढळते. जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी मेंदीमुळे फुटून रक्तक्षय आणि कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, आणि ही मेंदी शुद्ध असतानाही घडलेले आहे. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बारशापर्यंत घरच्यांना सहसा ठाऊक नसते, म्हणून तान्ह्या बाळाला मेंदी लावू नये.

निपाणीकर वाचक :

डॉक्टर, तुमच्या विनंतीचा मजकूर मी आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाला वाचून दाखवणार आहे. देवीच्या रोग्याच्या तळपायांना मेंदी लावण्याविषयी आपण काही सांगू शकाल का? दोन पुस्तकांत ते इतक्या खात्रीने लिहिले आहे की त्याच्यामागे काही अनुभव असावा, असे वाटते.

त्वचारोग टिळकवाडी :

हा उपाय एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टरांनी लिहिलेल्या भारतीय औषधींच्या ग्रंथांतही नोंदवलेला आहे. त्यांनी तो इथल्या लोकांत प्रचलित असल्याचे म्हटले आहे. म्हणजे लोकांकडून इंग्रजी ग्रंथात आणि तिथून, जणू शास्त्राने मान्य केल्याप्रमाणे, पुन्हा मराठी पुस्तकात असा त्याचा प्रवास झालेला दिसतो. कल्पना अशी होती की तळपायाला थंडावा दिला की उष्णता खाली उतरते आणि डोळे वाचतात. लेपातले पाणी उडून जाताना पायांना गार वाटते आणि तापाच्या रोग्याला त्याने बरे वाटत असणार, यात शंका नाही. पण देवीत डोळे जात ते डोळ्यावरच्या फोडांमुळे आणि त्यानंतरच्या जंतुसंसर्गामुळे. पायाच्या लेपाचा तिथवर परिणाम होणे शक्य नव्हते. बहुसंख्य रोग्यांचे डोळे तसेही वाचत, आणि ज्यांच्या पायांना मेंदी लावलेली असे त्यांच्या बाबतीत श्रेय मेंदीला मिळे. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. ते लसीमुळे शक्य झाले. ज्या आयांनी रात्र रात्र जागून मुलांच्या पायांना मेंदी लावली, त्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते, हे मात्र आपण विसरू नये.

दोन भाषांचे घर :

आमच्या घरी मराठी आणि कानडी दोन्ही पुस्तके आहेत. एका जुन्या शालेय चित्रसंग्रहात मेंदीच्या माहितीवर काटेरी, पिवळ्या फुलांच्या कोरांटीचे चित्र छापलेले आहे. कानडीत मेंदीला मदरंगी म्हणतात तसेच गोरंटीही म्हणतात, आणि चित्रकाराने ते ऐकून कोरांटी काढलेली दिसते. सह्यपर्ण सरांनी सांगितलेल्या युरोपातल्या घोटाळ्याचे हे घरगुती भावंड म्हणता येईल.

येळ्ळूरची सून :

शहापूरच्या ताईंना एक विचारायचे आहे. पुढच्या महिन्यात नणंदेचे लग्न आहे आणि खडेबाजारातून कोन आणायचे आहेत. कोनात काय आहे हे घरच्या घरी ओळखण्याची काही खूण आहे का? वेष्टनावर सगळेच ‘शुद्ध, नैसर्गिक’ असे छापतात.

मेंदीकोन शहापूर :

वेष्टनावरच्या शब्दांवर जाऊ नका. तेही शेवटी छापलेलेच असतात. थोडी मेंदी पांढऱ्या कागदावर काढा आणि वाट पाहा. शुद्ध मेंदीच्या भोवती कागदावर हळूहळू केशरी-तपकिरी ओल पसरते. पाच-दहा मिनिटांत काळा किंवा काळपट जांभळा डाग दिसू लागला तर तो कोन टाकून द्या, कारण कोणत्याही पानाला इतक्या लवकर काळे रंगता येत नाही. रॉकेल, पेट्रोल किंवा कलपासारखा उग्र वास आला तरीही नको. ‘दहा मिनिटांत रंगते’ असे लिहिलेले कोन माझ्या मते विकतच घेऊ नयेत.

त्यापेक्षा भुकटी आणून घरी भिजवा. राजस्थानातल्या सोजतची भुकटी चांगली असते. तिथल्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चांगली भुकटी शेवाळी हिरवी असते आणि वाळलेल्या गवतासारखा वास देते. पोपटासारखी हिरवीगार दिसली तर वरून रंग घातला असावा, असे समजा. मलमलच्या कापडातून दोनदा चाळून, लिंबाचा रस किंवा चहाचे कोमट पाणी, थोडी साखर आणि निलगिरीच्या तेलाचे काही थेंब घालून रात्रभर झाकून ठेवा. वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा राहिला की ती कोनात भरायला तयार झाली. चुना घालायला काही पुस्तके सांगतात, तो अजिबात घालू नका; त्वचा पोळते. नणंदेला मेंदी हळदीच्या दोन दिवस आधी काढा, म्हणजे लग्नाच्या दिवशी रंग पुरता चढलेला असेल. एका हाताला कोपरापर्यंत नक्षी काढायची असेल तर दोन कोन भरून ठेवा आणि उरलेला लेप बर्फाच्या कप्प्यात ठेवा. तिथे तो महिनाभर चांगला राहतो.

येळ्ळूरची सून :

फार आभारी आहे, ताई. भुकटी शनिवारी आणते. अंगणातल्या तेरड्याची पानेही वाटून नणंदेच्या करंगळीच्या नखाला बांधून पाहीन आणि रंग कसा आला ते इथेच कळवीन.